लघुउद्योगासाठी बिझनेस प्लॅन खरंच लागतो का, की तो फक्त कर्जासाठीचा कागद? आणि अर्थव्यवस्थेत लघुउद्योगांना एवढं महत्त्व का देतात?

तुमचे प्रश्न दोन असले तरी दुसऱ्याचं उत्तर कळलं की पहिला निम्मा सुटतो. म्हणून उलट्या क्रमाने घेतो.

जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे जगातले सुमारे 90 टक्के व्यवसाय लहान आणि मध्यम आकाराचे आहेत, आणि निम्म्याहून जास्त रोजगार त्यांच्याकडे आहे. याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण म्हणजे कमी भांडवलात जास्त हातांना काम. ते खरं आहे, पण अपुरं आहे. मोठा कारखाना एखादा छोटा भाग बनवायला स्वतः यंत्र घेत नाही, कारण ते महिन्यातून चार दिवसच चालेल. लघुउद्योजक तेच यंत्र पाच गिऱ्हाइकांसाठी महिनाभर चालवतो. अल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने 1890 मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरातल्या सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्याचं उदाहरण देऊन हेच दाखवलं होतं: एका ठिकाणी अनेक छोटे कारखाने जमले की प्रत्येक जण एकेका कामात तरबेज होतो आणि सगळे मिळून मोठ्या कारखान्याचं काम करतात.

या भूमिकेची दुसरी बाजू मात्र लघुउद्योजकाला सोसावी लागते. मागणी घटली की मोठी कंपनी आधी बाहेर दिलेलं काम थांबवते. बिलाचे पैसे 60 ते 90 दिवसांनी देते, म्हणजे तेवढे दिवस तिचा धंदा तुमच्या पैशावर चालतो. लघुउद्योग अर्थव्यवस्थेला धक्के सोसायची ताकद देतो, पण ते धक्के त्याच्या स्वतःच्या तिजोरीवर बसतात. म्हणून माझं ठाम मत आहे की लघुउद्योगाचा प्लॅन नफ्याचा असण्याआधी दिवसांचा असावा: पैसा कुठल्या दिवशी जातो आणि कुठल्या दिवशी परत येतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. आकडे कुठल्याही चलनात वाचा. धातूचा एक भाग 100 ला विकला जातो. त्याला कच्चा माल, वीज, नगावर दिली जाणारी मजुरी आणि वाहतूक धरून 70 खर्च येतो. म्हणजे नगामागे 30 उरतात. महिन्याचा स्थिर खर्च 60,000: भाडं, पगार, कर्जाचं व्याज, 9,000 घसारा (यंत्राच्या झिजेपोटी धरलेला खर्च), आणि तुमचा स्वतःचा पगार. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत आणि मग घरखर्च खेळत्या भांडवलातून, म्हणजे धंदा रोज चालवायच्या पैशातून, जातो. 60,000 भागिले 30, म्हणजे महिन्याला 2,000 नगांवर ना नफा ना तोटा. बहुतेक प्रोजेक्ट रिपोर्ट इथेच थांबतात.

आता रिजेक्शन धरा. 100 नग बनवले आणि 5 बाद झाले, तर 7,000 चा खर्च 95 नगांवर बसतो, म्हणजे विकल्या जाणाऱ्या नगामागे 73.68. उरतात 26.32. रिजेक्शन फक्त 5 टक्के, पण नगामागची शिल्लक आठव्या भागाने घटली. पुढे कर्जाचा हप्ता. त्यातलं व्याज स्थिर खर्चात आलं आहे, मुद्दल आलेलं नाही, आणि मुद्दल नफ्यातोट्याच्या पत्रकात दिसतही नाही. समजा ते महिन्याला 18,000 आहे. घसारा रोखीने जात नाही, तो वजा करा: 51,000 अधिक 18,000, म्हणजे 69,000. याला 26.32 ने भागलं की 2,622 नग. कागदावरचे 2,000 आणि खिशातले 2,622 यांच्यातल्या अंतरात चांगले चालणारे कारखाने अडकतात.

यंत्राला एवढं जमेल का? नगाला 3 मिनिटं, दिवसाचे 8 तास, महिन्याचे 25 दिवस धरले तर 4,000 नग. ही विक्रेत्याच्या माहितीपत्रकातली क्षमता. सेटिंग, साचे बदलणं, बिघाड, वीज जाणं, गैरहजेरी यांचे 15 टक्के काढा: 3,400. त्यातले 95 टक्के चांगले: 3,230. पूर्ण क्षमतेवर शिल्लक 85,000, त्यातून 69,000 गेले की हातात 16,000. पैसे भागण्याचा बिंदू खऱ्या क्षमतेच्या 81 टक्क्यांवर आहे. मी असा प्रकल्प आहे तसा सुरू करू देणार नाही. हा आकडा 60 ते 65 च्या आत आला पाहिजे, नाहीतर एक ऑर्डर पुढे ढकलली गेली की हप्ता चुकतो.

तो खाली आणण्याचे मार्ग आहेत. तपासून घेतलेलं जुनं यंत्र, कर्जाची जास्त मुदत, मागणी असेल तर दुसरी शिफ्ट. सगळ्यात परिणामकारक म्हणजे सगळी यंत्रं स्वतः न घेणं. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग अशी कामं आजूबाजूला जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरी देऊन, होत असतील तर तो खर्च स्थिर राहत नाही, नगाबरोबर वाढतो-घटतो. इटलीतल्या प्रातो शहराचा लोकरी कापडाचा धंदा दुसऱ्या महायुद्धानंतर असाच पसरला: मोठ्या गिरण्यांची कामं सूतकताई, विणाई, रंगाई अशा छोट्या कारखान्यांत वाटली गेली. जागा निवडताना भाड्याआधी हे पाहा की जॉबवर्कवाले आणि यंत्र दुरुस्त करणारा किती लांब आहेत.

पहिल्या सहा महिन्यांसाठी क्षमतेच्या 60 टक्केच धरा. महिन्याला 1,938 नग विकले जातील, 51,000 शिल्लक राहील आणि 18,000 ची तूट येईल. सहा महिन्यांचे 1,08,000 सुरुवातीच्या भांडवलात वेगळे काढून ठेवलेले हवेत.

आता दिवस मोजा. कच्चा माल 15 दिवस पडून, 5 दिवस कामात, तयार माल 10 दिवस, गिऱ्हाईक 60 दिवसांनी पैसे देणार. पुरवठादार तुम्हाला 20 दिवसांची उधारी देतो, ती वजा. 70 दिवस पैसा अडकला. पूर्ण उत्पादनावर रोखीचा खर्च महिन्याला 2,89,000, म्हणजे दिवसाला सुमारे 9,630. सत्तर दिवसांचे झाले 6,74,000. एवढं खेळतं भांडवल लागेल. 60 टक्के उत्पादनावरही साडेचार लाख लागतात. गिऱ्हाइकाने 60 चे 90 दिवस केले की आणखी 2,89,000 हवेत, आणि वर्षाची शिल्लक फार तर 1,92,000 आहे. एका महिन्याचा उशीर दीड वर्षाची कमाई अडकवतो. त्यात अनेक देशांत विक्रीवरचा कर बिल केल्यावर भरावा लागतो, पैसे आल्यावर नाही. तोही तक्त्यात घाला.

याच कारणाने ऑर्डर दुप्पट झाल्यावरही कारखाने बंद पडतात. उत्पादन वाढतं, अडकलेला पैसाही वाढतो, आणि बँकेच्या कर्जाची मर्यादा जुनीच असते. मोठी ऑर्डर घेण्याआधी आगाऊ रक्कम मागा, किंवा गिऱ्हाइकालाच कच्चा माल द्यायला सांगा. दर कमी मिळेल, पण खर्चाचा सर्वात मोठा भाग तुमच्या खिशातून जाणार नाही.

कायदा मदतीला आहे. भारतात 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशात कंपन्यांमधल्या व्यवहारांना सर्वसाधारणपणे 60 दिवसांची मर्यादा आहे. पण एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त विक्री अवलंबून असेल तर त्याच्याविरुद्ध तक्रार करायची हिंमत कुणाला होत नाही. म्हणून कुठल्याही एका गिऱ्हाइकाचा वाटा 30-35 टक्क्यांवर जाऊ न देणं, हे प्लॅनमध्येच लिहून ठेवा.

कामाचा क्रमही सांगतो, कारण बहुतेक जण तो उलटा धरतात. आधी यंत्र, मग गिऱ्हाईक. तसं करू नका. आधी दहा-बारा संभाव्य खरेदीदारांना भेटा. दर, महिन्याची गरज, गुणवत्तेची अट आणि पैसे देण्याची मुदत एवढं विचारा; मुदतीची खातरजमा त्यांच्या सध्याच्या पुरवठादारांकडून करा. मग जॉबवर्कवर बनवून घेतलेले नमुने मंजूर करून घ्या. त्यानंतर वरचा हिशेब तुमच्या आकड्यांनी मांडा, आणि तोच पुन्हा दर 10 टक्के कमी धरून मांडा. वरच्या उदाहरणात नगामागचे 26.32 तेव्हा 16.32 होतात आणि पैसे भागायला 4,228 नग लागतात, जे त्या यंत्रातून एका शिफ्टमध्ये निघणारच नाहीत. तुमच्या तक्त्यात असं झालं तर यंत्राची ऑर्डर अजून देऊ नका.