वडिलांना हिपॅटायटिस सी आहे, लिव्हर ट्रान्सप्लांट ठरलंय. नवं लिव्हर बसलं की व्हायरस आपोआप जाईल ना?

नाही जात. आम्हीही हेच धरून चाललो होतो.

माझी आत्या लालबागची. 1992 साली ऑपरेशनच्या वेळी तिला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं, तिथूनच तिला हिपॅटायटिस सी झाला असावा, असं डॉक्टर म्हणाले. रक्तपेढ्यांत या व्हायरसची तपासणी सक्तीची झाली ती 2001 मध्ये. ('दारू घ्यायच्या का?' असं विचारून गेलेले नातेवाईक माझ्या अजून लक्षात आहेत.)

व्हायरस रक्तात फिरत असतो. जुनं लिव्हर काढलं तरी रक्त तेच, त्यामुळे ऑपरेशनच्या दिवशी तो रक्तात असेल तर नव्या लिव्हरला लागण जवळपास ठरलेलीच. पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, त्या काळात ही मोठी डोकेदुखी होती. ती सोसायची नाहीत आणि काहींचं नवं लिव्हरही पाचेक वर्षांत सिरॉसिसला जायचं, म्हणजे निबर होऊन निकामी व्हायला लागायचं. आता सोफोसबुविर-वेल्पाटासविरसारख्या गोळ्या आहेत, साधारण 12 आठवड्यांचा कोर्स. ट्रान्सप्लांट झालेल्यांतही दहापैकी नऊहून जास्त जण बरे होतात.

खरा प्रश्न आहे, गोळ्या ऑपरेशनआधी घ्यायच्या की नंतर. घरचाच डोनर असेल तर तारीख हातात असते, आधी उरकता येतं. पण लिव्हर फारच खराब असेल तर व्हायरस जाऊन रिपोर्टचे आकडे थोडे सुधारतात, लिव्हर मात्र खराबच राहतं आणि ट्रान्सप्लांट लांबतं. म्हणून आत्याला ट्रान्सप्लांटनंतर दिल्या. हे तुमच्या हेपॅटॉलॉजिस्टलाच (लिव्हरच्या डॉक्टरांना) विचारा. शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमसची गोळी असते, तिची रक्तातली लेव्हल त्या काळात वारंवार तपासावी लागते. आत्या फोनवर सकाळ-संध्याकाळ नऊचा गजर लावायची, तो वाजला की शेजारची चाळकरीणही ओरडायची, 'अहो, गोळी!'

खर्चाचं म्हणाल तर 2018 पासून सरकारच्या व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात या गोळ्या मोफत मिळतात. चौकशी करा.

एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. बरं झाल्यावरही अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्हच येत राहते. मोतीबिंदूच्या वेळी एका ठिकाणी तेवढ्यावरून आत्याला सगळ्यांच्या शेवटी, उपाशी, दुपारी तीनपर्यंत बसवलं. व्हायरस आहे की नाही ते आरएनए टेस्ट सांगते. कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी ती केली, व्हायरस सापडला नाही. त्या रिपोर्टची झेरॉक्स आत्याच्या पर्समध्ये आधारकार्डामागे घडी घालून असते, आणि रिसेप्शनवर आधी तीच पुढे सरकवते.