दमट उकाड्यात फुलदाणीतली फुलं दुसऱ्याच दिवशी मान टाकतात. ती टिकवण्यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की फुलं आणल्याबरोबर पाण्यात ठेवता, दिवसातून दोन-तीनदा त्यांच्यावर पाणी शिंपडता, तरी गुलाब दुसऱ्या दिवशी मान टाकतात आणि जर्बेराचे दांडे मधूनच वाकतात. गेली बरीच वर्षं मी फुलांच्या रचना करते, त्या अनुभवावरून सांगते: सगळ्यात आधी ते शिंपडणं थांबवा.

हवा कोरडी असेल तर ती पाकळ्यांतलं आणि पानांतलं पाणी ओढून घेते. तेव्हा वरून पाणी मारल्याने फुलाला थोडा वेळ आराम मिळतो. दमट हवेत मुळातच ओल भरपूर असते, त्यामुळे फूल वरून फारसं सुकत नाही. शिंपडलेलं पाणी मात्र वाळत नाही, पाकळ्यांच्या बेचक्यात तसंच साचून राहतं. करडी बुरशी रुजायला काही तास ओली राहिलेली पाकळी पुरते. आधी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके दिसतात, मग ते तपकिरी होऊन पसरतात आणि शेवटी पाकळ्या एकमेकींना चिकटून कुजतात. पांढऱ्या आणि फिकट गुलाबांवर हे लगेच दिसतं, गडद रंगांवर कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

मग हवेत इतकी ओल असताना गुलाब मान का टाकतो? कारण त्याला खालून पाणी मिळत नसतं. दांड्यात पाणी वर नेणाऱ्या अतिशय बारीक नळ्या असतात. उबदार पाण्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर कापलेल्या टोकाशी बसून या नळ्या बंद करतो. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असतानाच हे सुरू झालेलं असतं. फुलदाणीच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवून बघा. बोट घसरलं तर पाणी खराब झालंय असं समजा. म्हणून मी उकाड्याच्या दिवसांत काचेचीच फुलदाणी वापरते, आत काय चाललंय ते निदान दिसतं.

या हवेत पाणी रोज बदलायचं. जुन्यात नवी भर घालून चालत नाही. फुलदाणी साबणाने घासायची आणि पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाकायची, कारण बुडालेलं पान एका दिवसात सडायला लागतं. दर वेळी दांड्याचं टोक धारदार सुरीने एक-दोन सेंटीमीटर तिरकं कापायचं. बोथट कात्रीने नळ्या चेंगरतात. तिरकं कापण्याचा फायदा इतकाच की दांडा तळाला सपाट टेकत नाही. कापल्यावर लगेच पाण्यात ठेवा, नाहीतर नळ्यांत हवा शिरते आणि तीही पाणी अडवते.

पाण्यात काय घालावं यावर खूप सल्ले मिळतात. तांब्याचं नाणं किंवा ॲस्पिरिनची गोळी यांच्यावर मी विसंबत नाही. साखरेने कळ्या उमलायला बळ मिळतं हे खरं, निशिगंध आणि ग्लॅडिओलसमध्ये तर फरक स्पष्ट दिसतो. पण उकाड्यात नुसती साखर घातलीत तर ती आधी जिवाणूंचं पोट भरते. मी १ लिटर पाण्यात चहाचे २ चमचे साखर, २ चमचे लिंबाचा रस आणि पाव चमचा बिनवासाचं ब्लीच घालते. आंबटपणामुळे पाणी दांड्यात सहज चढतं, ब्लीच जिवाणूंना आवरतं. एक काळजी घ्या: ब्लीच आणि लिंबू थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. आधी सगळं पाणी, मग त्यात एकेक. घरात लहान मूल असेल तर हे मिश्रण वापरूच नका. रोज बदललेलं साधं पाणीही बरंच काम करतं.

जर्बेराचं गणित वेगळं आहे. त्याचा दांडा मऊ आणि लवीचा, खोल पाण्यात उभा ठेवला की कुजतो. त्याला ५ ते ७ सेंटीमीटर पाणी पुरे.

आता उष्णतेबद्दल. फूल कापल्यावरही श्वास घेत असतं आणि साठवलेली साखर खर्च करत असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा खर्च साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून खोलीतला सर्वांत थंड कोपरा शोधा, खिडकीतलं ऊन आणि टीव्हीची ऊब टाळा. पंखा खोलीत चालू असू द्या, त्याने बुरशीला आळा बसतो. झोत मात्र थेट फुलांवर नको. पिकलेली फळं जवळ ठेवू नका. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशनच्या पाकळ्या तर आतल्या आत मिटून जातात.

रात्री फ्रिजमध्ये ठेवणं चांगलं, पण तिथेही फळं नकोत. आणि अँथुरियम, हेलिकोनिया, ऑर्किड कधीच आत ठेवू नका. ती उष्ण प्रदेशातली फुलं, फ्रिजच्या थंडीने काळवंडतात.

फ्रिजची खरी मेख बाहेर काढताना असते. एकदा एका समारंभासाठी मी रात्रभर थंड खोलीत ठेवलेले पांढरे गुलाब पहाटे बाहेर काढले आणि घाईने कागद सोडून मांडले. थंड पाकळ्यांवर दमट हवेतलं पाणी दवासारखं धरलं. मला ते सुंदरच वाटलं. दुसऱ्या दिवशी जवळजवळ प्रत्येक फुलावर तपकिरी डाग होते. त्या फुलांची हळहळ मला अजून वाटते. तेव्हापासून बाहेर काढलेली फुलं तास-दीड तास कागदात गुंडाळलेलीच ठेवते. पाणी कागदावर धरतं, फूल कोरडं राहतं.

फ्लोरल फोममध्ये, म्हणजे पाणी शोषून फुलांचे दांडे धरून ठेवणाऱ्या स्पंजासारख्या ठोकळ्यात, फुलं लावत असाल तर फोम पाण्यावर नुसता ठेवा, आपोआप बुडू द्या. दाबून बुडवला की आत कोरडे पोकळ भाग राहतात. उकाड्यात मी शक्यतो फोम टाळतेच, कारण त्यातलं पाणी बदलता येत नाही.

बागेतून स्वतः तोडत असाल तर पहाटे तोडा, बादली सोबत न्या आणि दव झटकून टाका. दहा-पंधरा मिनिटं उन्हात पडलेलं फूल पुढे कितीही जपलं तरी कमीच टिकतं. विकत घेताना शेवंती, कार्नेशन, अँथुरियम, ऑर्किड निवडलीत तर या हवेत दिवस जास्त मिळतील. डेलिया कितीही देखणा असला तरी तीन-चार दिवसांचाच पाहुणा.

मान टाकलेला गुलाब मात्र लगेच फेकू नका. दांडा पुन्हा कापा, फुलाला आधार मिळेल असा कागद गुंडाळा आणि दांडा खोल, स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास अंधाऱ्या थंड जागी उभा ठेवा. पाण्याअभावी वाकला असेल तर बहुधा सरळ होतो. पाकळ्यांवर डाग पडून त्या मऊ झाल्या असतील तर तो वाचत नाही. तो त्याच दिवशी बाहेर काढा, त्याच्यावरची बुरशी शेजारच्या फुलांवर जाते.