आधी गल्ली मोजा

प्रश्न : आमचा बंगला गंगापूर रोडच्या आतल्या एका कॉलनीत आहे, १९८४ सालचा. शेजारचे दोन बंगले पाडून तिथे सात मजली इमारत होणार आहे. कॉलनीत हरकतीच्या अर्जावर सह्या चालू आहेत. माझा भाचा पोर्टलंडला असतो. तो म्हणतो, “मावशी, सही करू नकोस. शहर आडवं पसरण्यापेक्षा आतल्या आत उभं वाढलेलं बरं, ह्यालाच स्मार्ट ग्रोथ म्हणतात.” आमच्या ह्यांचं म्हणणं, पोरगं बिल्डरची भाषा बोलतंय. सही करू की नको?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक

उत्तर : ताई, भाचा राहतो त्या गावात ही भाषा शेती वाचवणाऱ्यांची होती. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९७३ मध्ये कायदा केला आणि प्रत्येक शहराला आपल्या वाढीची हद्द आखायला लावली. आत दाट बांधा, बाहेरची शेती आणि जंगल राहू द्या. पोर्टलंडची हद्द १९७९ मध्ये ठरली. मेरीलँडने १९९७ मध्ये वेगळी युक्ती केली. राज्याचा पैसा वाढीसाठी ठरवलेल्या भागातच लावायचा. बाहेर बांधायचं तर स्वतःच्या हिमतीवर बांधा.

पण गोष्टीचा उरलेला अर्धा भाग भाच्याने सांगितला नसेल. शहरवाल्यांना हिरवळ हवी म्हणून माझ्या जमिनीचा भाव मी का पाडून घेऊ, असं हद्दीबाहेरचा शेतकरी विचारू लागला. २००४ मध्ये ओरेगॉनच्या मतदारांनीच कौल दिला, की निर्बंधामुळे जमिनीची किंमत पडली तर भरपाई द्या, नाहीतर निर्बंध उठवा. मग दाव्यांची अशी रीघ लागली की २००७ मध्ये पुन्हा मतदान घेऊन त्याला लगाम घालावा लागला.

आपल्याकडे मखमलाबाद-हनुमानवाडीत काय झालं ते तुम्ही वाचलं असेलच. स्मार्ट सिटीच्या यादीत नाशिक २०१६ मध्ये आलं आणि सातशे एकरांहून जास्त जमिनीवर नगररचना परियोजना राबवायचं ठरलं, म्हणजे शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून नव्याने प्लॉट पाडायचे आणि त्यातला काही भाग त्यांना परत द्यायचा. शेतकऱ्यांत दोन तट पडले. त्या प्रकल्पाचं नाव मात्र ‘हरित क्षेत्र विकास’! इथे हरित म्हणजे अजून न बांधलेलं. भाच्याचं स्मार्ट आणि आपलं स्मार्ट ह्यांत एवढं अंतर आहे.

आता तुमच्या गल्लीकडे येऊ. नगररचनेत मी ३१ वर्षं आरेखक होते, त्यामुळे कागदावरच्या ९ मीटर रस्त्यावर माझा विश्वास जरा कमीच. राज्याच्या २०२० च्या बांधकाम नियमावलीत चटई क्षेत्र, म्हणजे प्लॉटवर एकूण किती बांधता येईल ते, रस्त्याच्या रुंदीला बांधलंय. रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क, चढत नाही. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको, फ्लॅटमधल्या कपाटांची जागा चटई क्षेत्रात धरायची की नाही, त्या घोळात आपण पुरते पोळलो आहोत. तेव्हाही तोडगा म्हणून ६ मीटरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर देऊन तो ९ मीटरचा करायची टूम निघालीच होती.

मध्यंतरी मी माझ्याच गल्लीला फीत लावली. कंपाउंड ते कंपाउंड बरोबर ९ मीटर भरले. मग एका बाजूला पार्किंगचा उतार ९० सेंटिमीटर बाहेर आलेला, समोर कुंड्यांचा ओटा ७० सेंटिमीटर, त्यापुढे दुचाकींची रांग. राहिले साडेपाच. घंटागाडीला वळता येत नाही, ती कोपऱ्यापासून गाणं वाजवत उलटी येते आणि तिच्यामागे शाळेची रिक्षा खोळंबते. चार बंगल्यांच्या जागी २८ फ्लॅट झाले, पण रस्त्याखालची ड्रेनेजची लाइन बंगल्यांच्या काळातली, सहा इंची. पहिल्या मोठ्या पावसात आमच्या फाटकासमोरच्या चेंबरचं झाकण उचललं जातं. दरवर्षी! लाइन बदलून देतो म्हणणारा बिल्डर ताबा देऊन केव्हाच मोकळा झाला.

म्हणून इमारतीच नकोत, असं मी म्हणणार नाही. आडगाव-म्हसरूळच्या पुढे द्राक्षबागा मोडून सोसायट्या उभ्या राहायच्या, मग त्यांच्यामागे पाइप आणि रस्ते धावायचे, ह्यापेक्षा गंगापूर रोडवर आणखी वीस घरं झालेली बरी. २०२१ च्या जुलैपासून महापालिकेची सिटीलिंक बस आली आहे. बसला चालत्या अंतरावर माणसं लागतात आणि बंगल्यांच्या कॉलनीत ती नसतात. तुमच्या ह्यांना हे पटणार नाही. माझ्या ह्यांनाही पटत नाही.

सह्यांच्या त्या अर्जावर सही करू नका. विकास आराखड्यावर कायद्याने हरकती-सूचना मागवतात, सुनावणी होते. एकेका इमारतीच्या परवानगीला तशी जाहीर सुनावणी नसते. ‘इमारत नको’ एवढंच लिहिलेला गठ्ठा टपालात पडून राहील. त्याऐवजी दुसरा अर्ज लिहा. रस्त्याची रुंदी प्रत्यक्षात किती, दर वीस पावलांवर मोजून. पार्किंगचा उतार प्लॉटच्या आतच हवा. ताबा द्यायच्या आधी ड्रेनेजची लाइन बदलून हवी, आणि हे परवानगीच्या अटींत लिहिलेलं हवं. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा. आणि आधी स्वतःच्या ओट्यावरच्या कुंड्या आत घ्या, नाहीतर समोरचा पहिलं बोट तिथेच दाखवेल.

प्रश्न : पेठ रोडच्या पुढे एक गुंठा स्वस्तात मिळतोय. एनए (बिगरशेती) नाही, पण एजंट म्हणतो पुढेमागे होईल. घ्यावा का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : नको. सातबाऱ्यावर दहा-बारा जणांत तुमचं नाव लागेलही, पण रस्ता लागत नाही.

आणि हो, गंगापूर रोडच्या ताई, मोजायला जाल तेव्हा फीत पंधरा मीटरची घ्या. घरातली तीन मीटरची लावत बसलात तर प्रत्येक जोडाला चार बोटं इकडेतिकडे होतात.