पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यातल्या वाईन इस्टेटवर टेबल वाईन चाखण्यात अर्थ आहे का, की पोर्टच प्यावी?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरात पोर्तोला जाताय, त्यातला एक दिवस दोरो खोऱ्यासाठी ठेवलाय, आणि ‘तिथे टेबल वाईनवर वेळ घालवू नका, ती आंबट असते, पोर्टच प्या’ असं सगळे सांगतात. (पोर्ट म्हणजे आंबवणं मध्येच थांबवून, वरून दारू घालून केलेली गोड, कडक वाईन; टेबल वाईन म्हणजे तशी दारू न घातलेली, जेवणाबरोबरची वाईन.) या सगळ्यांशी माझं जुनं भांडण आहे. टेबल वाईन चाखाच, आणि पोर्टच्या आधी चाखा. ज्यांना ती आंबट लागली त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती पोर्टनंतर प्यायलेली असते.

पिन्याओ या दोरोकाठच्या गावाजवळच्या एका इस्टेटवर हे मी समोर पाहिलंय. इस्टेटचं नाव घेत नाही. दुपारची वेळ, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. आपल्याकडच्या मंडळींचा गट आत आला आणि स्वागताला प्रत्येकाच्या हातात थंडगार व्हाइट पोर्ट आली. मग रूबी, मग पिंपात मुरलेली टॉनी, या दोन्ही पोर्टच, आणि सगळ्यात शेवटी एक पांढरी आणि एक लाल टेबल वाईन. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

होणारच. पोर्टमध्ये लिटरला साधारण ८० ते १२० ग्रॅम साखर असते आणि १९ ते २२ टक्के अल्कोहोल. कोरड्या लाल वाईनमध्ये साखर लिटरला ४ ग्रॅमच्याही खाली आणि अल्कोहोल १३.५ ते १४.५ टक्के. श्रीखंडावर लगेच चहा प्यायला तर तो अगोड आणि कडू लागतो, तसंच इथे होतं. जिभेला गोडाची सवय झाली की पुढच्या वाईनमधलं फळ जाणवतच नाही, उरतो तो आंबटपणा आणि तुरटपणा.

त्यात आणखी दोन गोष्टी चुकल्या होत्या. लाल बाटली काउंटरवर उघडी होती, आदल्या दिवसापासूनची. आणि खोलीच्या तापमानाला ठेवलेली. ‘रेड वाईन रूम टेंपरेचरला’ हा नियम थंड दगडी घरांतला आहे. उन्हाळ्यातली दोरोची खोली २८ अंशांवर असते, आणि एवढ्या गरम वाईनमध्ये नाकाला अल्कोहोलच आधी झोंबतं. इथली लाल वाईन १६ ते १८ अंशांना हवी, पांढरी १० ते १२ ला. विनंती केल्यावर त्यांनी नवी बाटली उघडली आणि बर्फ-पाण्याच्या बादलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवली (नुसत्या बर्फात बाटली सावकाश गार होते, बर्फात पाणी हवंच). मंडळींनी चुळा भरल्या, पाव आणि ऑलिव्ह खाल्ले. दुसऱ्या खेपेला तुरटपणा तेवढाच होता, पण त्यामागची काळी जांभळट फळं आणि तोरिगा नासिओनाल या इथल्या द्राक्षाचा तो फुलांसारखा वास आता कळत होता. बहुतेकांचं मत बदललं. माझ्या एका मित्राचं बदललं नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

तुमच्या भेटीत क्रम असा मागा: पांढरी, मग पिंपात न मुरवलेली तरुण लाल, मग रिझर्व्ह म्हणजे जास्त मुरवलेली, त्यानंतर जुन्या वेलींची, आणि मग हवी तेवढी पोर्ट. बुकिंग करतानाच लिहून टाका की दोरो डीओसीच्या, म्हणजे या खोऱ्याचं अधिकृत नाव लावणाऱ्या टेबल वाईन्स आधी चाखायच्या आहेत. आयत्या वेळी सांगितलं तर पांढरी थंड नसते आणि लालची बाटली उघडलेली नसते. प्रत्येक ग्लासात ४० ते ५० मिली पुरे. पाच वाईन्सचे २५० मिली म्हणजे एक तृतीयांश बाटली झाली, त्यात साधारण २८ ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाला पोर्तुगालच्या ०.५ ग्रॅम प्रति लिटर रक्त या मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवायला एवढं पुरतं, आणि परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर मर्यादा ०.२ च आहे. म्हणून थुंकायचं भांडं वापरा. तिथे तो असभ्यपणा समजत नाहीत, उलट समोरचा माणूस तुम्हाला गंभीरपणे घ्यायला लागतो.

गाडी चालवायची वेळच येऊ देऊ नका, हे उत्तम. पोर्तोहून दोरो लाईनची रेल्वे पिन्याओला साधारण अडीच तासांत पोचते. जाताना उजवीकडच्या खिडकीत बसा, नदी त्या बाजूला आहे. स्टेशनाच्या भिंतींवर १९३७ च्या निळ्या टाइल्सवर द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, ती बघा. ‘किंता’ म्हणजे इस्टेट. किंता दो बोंफिम स्टेशनापासून चालत जाण्याएवढी जवळ, किंता दास कार्व्हाल्यास पूल ओलांडला की समोर. परतीच्या गाड्या मोजक्या असतात, त्यामुळे आधी परतीची वेळ पक्की करा आणि मग चाखण्याची. सप्टेंबर तोडणीचा महिना आहे, त्यामुळे लहान इस्टेटी एक तर पाहुणे घेत नाहीत, नाहीतर अगदी ठरलेल्या वेळीच घेतात. निरोप न देता जाऊ नका.

बागेत गेलात तर जमीन नीट बघा. पायाखाली माती कमी आणि शिस्ट दगडाच्या पापुद्र्यांसारख्या चिपा जास्त. हा दगड उभा फुटतो, त्या फटींतून मुळं पाण्यासाठी खोल जातात. नाशिककडच्या माणसाला वेलीवरचे घड बघून धक्का बसेल, इतके लहान आणि विरळ. तोरिगा नासिओनालचा मणी बारीक आणि सालीला जाड, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून रंग गडद आणि तुरटपणा भक्कम. ज्या बागेत जुन्या वेली आहेत तिथे एकाच तुकड्यात अनेक जाती मिसळून लावलेल्या असतात आणि एकत्रच तोडतात. आज कोणत्या जाती किती, हे मालकालाही नेमकं सांगता येईलच असं नाही. पांढरीसाठीच्या राबिगातो, व्हियोझिन्यो, गोव्हेयो या जातींची चांगली द्राक्षं वरच्या पठारांवरून, ५०० मीटर आणि त्याहून उंचावरून येतात. तिथे रात्री गार असतात म्हणून आंबटपणा टिकतो. नदीकाठच्या तापलेल्या उतारांवर तो टिकत नाही.

सेलरमध्ये एक प्रश्न जरूर विचारा: या लालसाठी रस सालीवर किती दिवस ठेवला? पोर्टचं आंबवणं दोन-तीन दिवसांतच ७७ टक्के अल्कोहोलची द्राक्षांची दारू घालून थांबवतात, साधारण चार भाग रसाला एक भाग. तेवढ्या वेळात सालीतला रंग काढायचा म्हणून लागारमध्ये, म्हणजे ग्रॅनाइटच्या उथळ हौदात, द्राक्षं पायांनी तुडवतात. टेबल वाईनला घाई नसते, रस आठवडा-दोन आठवडे सालीवर राहतो, आणि साखर पूर्ण संपेपर्यंत आंबतो. पण त्यामुळे लपायलाही जागा नसते. पोर्टमध्ये थोडी जास्त पिकलेली द्राक्षं साखरेआड झाकली जातात, कोरड्या वाईनमध्ये तोडणी आठवडाभर उशिरा झाली की मनुकांची शिजलेली चव सरळ ग्लासात येते. म्हणून इस्टेटचा वाईनमेकर किती जाणता आहे हे मला तरी तिच्या साध्या लालवरून कळतं, वीस वर्षांच्या टॉनीवरून नाही.

आता मित्राचं म्हणणं. तो म्हणतो, दोरोची टेबल वाईन म्हणजे पोर्टमधून उरलेल्या द्राक्षांचा माल. त्याच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य. या खोऱ्याची हद्द १७५६ मध्ये पोंबाल या मंत्र्याच्या काळात आखली गेली ती पोर्टसाठी. आजही दरवर्षी किती रसाची पोर्ट करायची हे सरकारी संस्था ठरवते, बागांना अ पासून खाली श्रेणी आहेत, वरच्या श्रेणीला जास्त परवानगी. पोर्टच्या द्राक्षांना भाव चांगला, राहिलेल्यांना कमी. १९८६ पर्यंत पोर्टची निर्यात नदीपलीकडे पोर्तोसमोर असलेल्या गाया शहरातल्या कोठारांतूनच व्हायची, त्यामुळे खोऱ्यातल्या लहान मालकाला स्वतःच्या नावाने बाटली विकणं जवळपास अशक्य होतं. म्हणजे बराच काळ ‘उरलेला माल’ हे वर्णन खरं होतं.

पण तो १९५२ विसरतो. त्या वर्षी फेरेरा या पोर्ट कंपनीच्या फेर्नांदो निकोलाउ द आल्मेइदाने खोऱ्याच्या पूर्वेकडच्या दोरो सुपेरियर भागातल्या किंता दो व्हाले मेआओवर बार्का व्हेल्या ही लाल टेबल वाईन केली. वीज नव्हती, आंबताना रस तापू नये म्हणून समुद्राकाठच्या मातोझिन्योशहून बर्फ आणला. यात उंचावरच्या बागांची द्राक्षं मुद्दाम मिसळली, आंबटपणासाठी. ही उरलेल्या मालाची वाईन नव्हती, आणि आजही ती निवडक वर्षांतच बाहेर येते. बाकी चांगल्या वर्षांची वाईन रिझर्व्हा एस्पेसियाल या नावाने विकतात. पुढे किंता दो क्रास्तो, व्हालादो, नीपोर्ट यांनी नव्वदच्या दशकापासून जे केलं ते याच वाटेवरचं.

आपल्याकडे गोंधळ वाढण्याचं एक कारण म्हणजे गोव्याची स्वस्त, गोड ‘पोर्ट वाईन’. ती चव डोक्यात घेऊन गेलात तर पोर्टही कळणार नाही आणि टेबल वाईनही. तो हिशोब घरी ठेवून जा.

शाकाहारी असाल तर: काल्दो व्हेर्द सूपमध्ये सॉसेजची चकती असते, आधीच सांगून काढायला लावा. सेर्रा दा एस्त्रेला हे मेंढीच्या दुधाचं चीज काट्यांच्या फुलाने विरजतात, प्राण्याच्या रेनेटने नाही, ते निर्धास्त खा. काही लाल वाईन्स अंड्याच्या पांढऱ्याने निवळलेल्या असतात, चालत नसेल तर विचारा. त्या दिवशी अत्तर लावू नका, आणि चाखण्याआधी तासभर सुपारी, बडीशेप, कडक चहा नको. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बुचाचा दोष आहे. संकोच न करता दुसरी बाटली मागा, ती मिळते.

काही गोष्टी तुमच्या बाजूनेही सांगायला हव्यात. सगळी टेबल वाईन चांगली नसते. नव्या फ्रेंच ओकमध्ये इतकी मुरवलेली की व्हॅनिला आणि टोस्टशिवाय काही लागत नाही, अशा महाग बाटल्या तिथे भरपूर आहेत, त्यांच्यावर पैसे घालवू नका. पायऱ्यांच्या बागांत ऊन सोसत नसेल तर मे किंवा ऑक्टोबर बरा. आणि दिवसाऐवजी अर्धाच दिवस हाती असेल तर दोरोचा हट्ट सोडून गायातली पोर्टची कोठारं बघा. फक्त तिथे द्राक्षाच्या बागा नाहीत, हे लक्षात असू द्या. माझा तो मित्र जिथे दरवर्षी जातो आणि ‘इस्टेट बघून आलो’ म्हणतो, ती हीच कोठारं.

परत येताना भारतीय कस्टममध्ये माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, त्याही चेक-इन सामानात. दोन्ही टेबल वाईनच्या घ्या. मोठ्या घराण्यांची पोर्ट विमानतळांवरच्या दुकानांतही मिळते, त्या इस्टेटच्या जुन्या वेलींची लाल मिळत नाही.