‘म्युरेट’ हा शब्द आला कुठून?

प्रश्न : गच्चीवरच्या बागेसाठी आणलेल्या खताच्या पिशवीवर ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ असे छापलेले आहे; माझा मुलगा मात्र ते पोटॅशियम क्लोराइड असल्याचे सांगतो. माझे वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कारखान्यात होते. त्यांच्या वहीत ‘म्युरिअॅटिक अॅसिड’ हे नाव वारंवार येते. या दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध आहे का? आणि क्लोराइड हा शब्द असताना त्यांची गरज काय?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपले चिरंजीव बरोबर सांगत आहेत. म्युरेट म्हणजे क्लोराइड आणि म्युरिअॅटिक अॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. दोन्ही नावांच्या मुळाशी ‘मुरिया’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ मीठ मुरवलेले खारे पाणी. आपल्या खाडीकाठच्या आगरी मंडळींना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. मिठावर गंधकाम्ल ओतून तापवले की ज्या तीव्र वासाच्या वाफा निघतात, त्या पाण्यात विरघळवून हे आम्ल मिळत असे, म्हणून त्याला मिठावरून नाव पडले. मराठीतला ‘लवणाम्ल’ हा शब्दही त्याच वाटेने आलेला आहे.

खरा गोंधळ पुढे झाला, आणि तो एका मोठ्या माणसामुळे झाला. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असलाच पाहिजे, असे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लॅव्हाझिए याचे ठाम मत होते. ऑक्सिजन या नावाचा अर्थच मुळी ‘आम्ल निर्माण करणारा’ असा आहे. त्यामुळे म्युरिअॅटिक आम्लातही ऑक्सिजन आणि त्याच्या जोडीला अजून हाती न लागलेले एखादे मूलद्रव्य असणार, असे त्याने गृहीत धरले, आणि 1789 च्या आपल्या ग्रंथातील मूलद्रव्यांच्या यादीत त्या न सापडलेल्या पदार्थाला जागाही देऊन टाकली. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शीले याने 1774 मध्ये याच आम्लापासून मिळवलेला पिवळसर हिरवा वायू म्हणजे त्या आम्लात आणखी ऑक्सिजन मिसळून झालेला संयुक्त पदार्थ ठरला, आणि त्याचे नाव पडले ‘ऑक्सिम्युरिअॅटिक आम्ल’.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने या वायूत कोळसा पांढराशुभ्र धगधगेपर्यंत तापवून पाहिला. वायूत ऑक्सिजन असता, तर कोळशाशी त्याचा संयोग होऊन कार्बनचे ऑक्साइड मिळायला हवे होते. तसे काहीच झाले नाही. तेव्हा 1810 मध्ये त्याने हा वायू स्वतःच मूलद्रव्य असल्याचे जाहीर केले आणि त्याच्या रंगावरून, फिकट हिरवा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, त्याला क्लोरीन म्हटले. ‘म्युरेट’ची गरज खरे तर तिथेच संपली होती. परंतु प्रयोगशाळेने टाकलेले शब्द बाजार सहजासहजी टाकत नाही, आणि खताच्या व्यापारात तर हा शब्द अजून ठाण मांडून आहे. (आपल्या पिशवीवर बहुधा 60 टक्के पोटॅश असे छापलेले असेल, तो आकडाही पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने काढलेला असतो, जे त्या पिशवीत नावालाही नसते.)

जुनी इंग्रजी पुस्तके चाळताना मात्र एक पथ्य पाळावे, ते म्हणजे ‘म्युरेट’च्या आधी काय जोडले आहे ते नीट पाहावे. ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ हे आपले खत. ‘हायपरऑक्सिम्युरेट ऑफ पोटॅश’ म्हणजे पोटॅशियम क्लोरेट, जे काडेपेटीच्या धंद्यात लागते आणि गंधक-कोळशाबरोबर घोटले तर भडकते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बेर्तोले याने 1788 मध्ये बंदुकीच्या दारूत सोऱ्याऐवजी हेच वापरून पाहिले होते, आणि त्या स्फोटात दोन माणसे दगावली.