तळमजल्यात पुराचं पाणी शिरून गेलं. आता सुरुवात कुठून करावी, आणि वस्ती पहिल्यासारखी व्हायला किती दिवस लागतात?

तुम्ही लिहिलंय की घरात तीन फूट पाणी येऊन गेलं, जमिनीतलं टाकंही भरलं, आणि शेजारपाजार सगळा हबकून बसलाय. मेन स्विच, उकळलेलं पाणी, पायात बूट वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते मी सांगत बसत नाही. मी नागपूरची. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आमच्या तळमजल्यावर उजाडली, म्हणून लिहायला बसले.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, महालक्ष्म्यांचं जेवण होतं. (पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या. आमच्याकडे त्या धान्य भरलेल्या पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या राहतात.) घर दुमजली, सासऱ्यांनी बांधलेलं. वर भासरे (म्हणजे थोरले दीर), खाली आम्ही. मान थोरल्यांचा, पण हॉल खालचा मोठा, म्हणून महालक्ष्म्या दरवर्षी खालीच बसायच्या. पन्नासेक पानं उठली. पुरणपोळ्या, आंबील, सोळा भाज्या. भांडी तशीच मोरीत टाकून साडेबाराला पाठ टेकली.

दोनच्या सुमारास पाऊस सुरू झाला. पावणेचारला मला जाग आली ती पावसाने नाही, कूलरने. जून संपला की आम्ही कूलर मागच्या बोळीत ठेवतो. तो तरंगत येऊन दाराला धडका देत होता. पलंगावरून पाय खाली सोडला तर पोटरीपर्यंत पाणी. आणि ते दारातून आलंच नव्हतं, मोरीच्या जाळीतून वर आलं होतं, खरकट्या भांड्यांसकट. दारातून आलं ते नंतर, शेजारची कंपाउंडची भिंत पडल्यावर.

चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत आली. आम्ही तिला जन्मभर नालाच म्हणत आलो. आमच्या लेआउटच्या जुन्या नकाशावरसुद्धा 'नाला' असंच लिहिलंय. मोरभवनच्या स्टँडवर बसा बुडाल्या, एनडीआरएफच्या बोटी शहरातल्या रस्त्यांवर फिरल्या. चूक कोणाची यावर खूप बोलून झालंय. तलावाच्या ओव्हरफ्लोसमोरच्या स्मारकाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. त्यात मी पडत नाही. मला माझ्या घरातल्या वादाचंच पुरे झालंय.

तर हे ओरडले, "कागदं घे आधी!" आणि मी घेतले मुखवटे. दोन महालक्ष्म्या, दोन बाळं, पदरात गुंडाळून जिन्यावर गेले. जाऊबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या ओटीत टाकले. परत खाली आले तोवर पाणी मांडीला लागलं होतं आणि गोदरेजच्या कपाटाचा खालचा खण पूर्ण पाण्याखाली. खरेदीखत, आखीव पत्रिका (प्लॉटचं सरकारी प्रॉपर्टी कार्ड), एलआयसी, सगळं त्यात. यावरून आमच्यात अजून बोलणं निघतं. माझं म्हणणं आजही तेच आहे. आखीव पत्रिकेची नक्कल मिळते, खरेदीखताची नक्कल मिळते, पोरांच्या मार्कशीटसुद्धा दुसऱ्या मिळतात. माझ्या आजेसासूच्या हातचे मुखवटे कोणत्या खिडकीवर अर्ज केला म्हणजे मिळतात, ते सांगा. (तरी तुम्ही कागदं वरच्या फळीवर ठेवा. दोन्ही वाचली असती.)

कागद ओले झाले असतील तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर मुळीच फिरवू नका. पान पान सोडवून, मध्ये कोरा कागद घालून पंख्याखाली ठेवा. आमचं खरेदीखत असंच वाचलं, फक्त शिक्का पसरला.

आता मुख्य गोष्ट. आमचं मीटरबोर्ड जिन्याखाली, गुडघ्याच्या उंचीवर होतं. त्या रात्री त्यातून चर्र आवाज यायला लागला तेव्हा मी पाण्यात उभी होते. गल्लीची लाईट कोणीतरी खांबावरून बंद करवली म्हणून हे लिहायला मी आहे. आणि 2019 पासून मी सांगत होते की बोर्ड वर घ्या! गल्लीत सिमेंट रोड झाला तेव्हा रस्ता आमच्या फाटकापेक्षा सव्वा फूट वर आला. आधी दोन पायऱ्या चढून घरात जायचो, आता रस्त्यावरून उतरून जातो. मला काही इंजिनिअरिंग कळत नाही, पण पाणी कुठे जाईल एवढं कळतं. आमच्यात भासऱ्यांशी तोंड वर करून बोलत नाहीत, म्हणून जाऊबाईंकडून विचारलं. निरोप आला, "पाणी आलंच तर खाली येईल ना. खालचे पाहतील."

म्हणून माझा सल्ला, तुम्ही विचारला नसला तरी: दुमजली घराची वाटणी करताना नुसतं 'वरचा मजला याचा, खालचा त्याचा' असं लिहू नका. जोतं, मीटरबोर्ड, टाकं, मोटर, कंपाउंडची भिंत, मलवाहिनी हे सगळं सामाईक, आणि दुरुस्तीचा खर्च निम्मानिम्मा, असं वाटणीपत्रात शब्दाने लिहून घ्या. "अंगण तुम्हाला, फायदा तुमचाच" असं कोणी म्हणालं की समजा, अंगणात येणारं पाणीही तुमचंच.

सकाळी पाणी ओसरलं तेव्हा हॉलमध्ये वीतभर गाळ होता आणि त्यात दोन कोठ्या बिनमुखवट्याच्या, साड्या नेसून उभ्या. मी तिथे रडले. मग नरखेडकडच्या मावशीचा फोन आला. ती मोवाडची. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीने मोवाड धुऊन नेलं, 204 माणसं गेली. आमचं त्यापुढे काहीच नाही, हे तिला आणि मला दोघींना माहीत होतं. पण ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "गाळ ओला हाये तवरच काढ वं माय. वाळला का सब्बल लागते." (सब्बल म्हणजे पहार.)

हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर समजा. आधी फोटो, मग लगेच गाळ. सामान नंतर. कोपऱ्यातल्या मेसमध्ये जेवणारी, एमपीएससीचा अभ्यास करणारी आठ पोट्टी फावडी घेऊन आली. "काकू, तुम्ही फक्त सांगा काय फेकायचं" म्हणाली आणि दुपारपर्यंत चार घरं मोकळी केली. गाद्या फेका, मोह करू नका. दिवाण फुगला की सरळ होत नाही. कोठ्यांतले गहू मी वाळवायचा हट्ट केला, चौथ्या दिवशी त्यांना मोड आले आणि वास सुटला. फ्रिज नि मोटर मेकॅनिकने उघडून वाळवल्याशिवाय चालू करायची नाही, गाडीला तर चावीसुद्धा लावायची नाही.

आणि निदान एक भिंत तशीच ठेवा, पुसू नका! मी हौसेने सगळ्या धुतल्या. पंचनाम्याला माणूस आला तो विचारतो, "पाणी कुठवर होतं?" खूण राहिलीच नव्हती. शेवटी जिन्याखालचा कोपरा राहिला होता तो दाखवला. सरकारने घरामागे दहा हजार जाहीर केले होते, ते मिळाले, नाही म्हणत नाही. गाद्या आणि फ्रिज यांतच गेले.

वस्ती कधी उभी राहते हे विचारलंत. आमच्याकडे बावीस बायकांची भिशी आहे, दोन हजारांची. त्या महिन्याचा नंबर लागला होता तो तिसऱ्या मजल्यावरच्या एकीचा, तिच्या पोरीचं लग्न ठरत होतं. तिने आपणहून सांगितलं, माझा नंबर मागे घ्या, खालच्यांना द्या. चव्वेचाळीस हजारांतून आधी चक्कीवालीची मोटर भरून आणली. कारण चक्की बंद म्हणजे अख्ख्या लेआउटचं दळण बंद, आणि दळण बंद म्हणजे बायकांचं भेटणं बंद. बाकीचे पैसे पाच घरांत वाटले. दोघी रुसल्या, 'नियम म्हणजे नियम' म्हणाल्या, त्यांचंही चूक नव्हतं. नवरात्रात चक्की सुरू झाली. कोपऱ्यावरचा टेलर मात्र परत आलाच नाही, त्याच्या तीन मशिनी गेल्या. भिंतींचा रंग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकला नाही, पोपडे आले. निदान एक उन्हाळा जाऊ द्या, मग रंगवा. किती दिवस, याचा आकडा मला देता येत नाही.

एक सांगायचं राहिलं, नाहीतर अन्याय होईल. जाऊबाईंनी नऊ दिवस आमचं सगळ्यांचं आणि त्या आठ पोट्ट्यांचंही वर रांधलं. कधी तोंड वाकडं केलं नाही. भासऱ्यांनी स्वतःचा पलंग आमच्या सासूबाईंना दिला आणि आपण खाली चटईवर झोपले, सत्तरीच्या गुडघ्यांनी. महालक्ष्म्या आता वरच बसतात, आणि जिना चढताना मला त्याचं काही वाटत नाही. बोर्डाचं मात्र मी विसरलेली नाही.

टाक्याचं: पूर्ण उपसून घ्या, तळाचा गाळ काढा, भिंती ब्लीचिंग पावडरने घासा. भरा आणि ते पहिलं पाणी सोडून द्या. दुसरं भरणं वापरायला घ्या, पण प्यायला पुढचा महिनाभर उकळूनच. मोटरवाल्याच्या माणसाला टाक्यात एकट्याला उतरू देऊ नका, वर कोणीतरी उभं हवंच. आमच्याकडे उपसायला दोन माणसं लागली, तीन हजार रुपये झाले. टाक्यातलं पाणी वरच्या मजल्यावरही चढतं. पैसे अजून आम्हीच दिलेले आहेत.