गाव गप्प का बसतं?

प्रश्न : कॉलेजसाठी एकांकिका लिहिलीय, संहिता सोबत जोडली आहे. इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, डोंगरातल्या गावात अपहरण होतं. गावाला सगळं ठाऊक असतं, पण पोलिसांपुढं कुणी तोंड उघडत नाही. मित्र म्हणतात, हे पटत नाही. काय करू?
— एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : लेकरा, मित्रांचं खरंय, पण चूक तुझ्या बेटाची नाही. तू अख्ख्या गावाला एकच मन दिलंयस. एकजण भ्यालेला असतो, एकीचा भाचाच टोळीत असतो, एकाला चोरापेक्षा पोलिसाची चीड जास्त. ही तिघं वेगवेगळी बोलू देत.

मुळात तो मेंढपाळांचा मुलूख. सार्डिनियात माणसं १६ लाखांच्या आसपास, मेंढरं त्याच्या जवळपास दुप्पट. बार्बाजा या तिथल्या डोंगरी भागात मेंढरं चोरायची आणि तंटा कोर्टात न नेता आपसात, वेळ पडली तर सुडानं मिटवायचा, ही जुनी रीत. पुढं मेंढरांऐवजी माणसं पळवायला लागले. पैसा त्यात जास्त. सुप्रामोन्ते हा चुनखडीचा डोंगर, गुहाच गुहा. तिथली वाट मेंढपाळालाच उमगते. सुगीनंतर आपल्या रानात मेंढरं बसवायला येणाऱ्या धनगराशी बोल एकदा. कोणत्या ओढ्याला अजून पाणी आहे, हे रानाच्या मालकाआधी त्याला कळतं. तुझा मेंढपाळ मात्र नुसता काठी घेऊन उभा राहतो.

१९७९च्या ऑगस्टमध्ये गायक फाब्रित्सिओ दे आंद्रे आणि त्यांची जोडीदार दोरी गेत्सी यांना सार्डिनियातल्या त्यांच्या घरातून उचललं. खंडणी दिल्यावर दोघं सुटले डिसेंबरात. पुढं दे आंद्रेनं पहारा देणाऱ्यांना माफ केलं, सूत्रधारांना नाही. चार महिने तोंड झाकून त्याच दोघांना खाऊपिऊ घालणारा पहारेकरी! तुझ्या नाटकातल्या अशा पहारेकऱ्याला तू दोन वाक्यं दिलीस आणि फौजदाराला अडीच पानी भाषण. भाषण काप. बंदुकाही कमी कर, स्पर्धेत त्या हमखास ऐन वेळी वाजत नाहीत.

आणखी एक. काळ आधी ठरव. १९९१ला इटलीनं कायदा केला : अपहरण झालं की घरच्यांची मालमत्ता गोठवायची, म्हणजे खंडणी देताच येऊ नये. तरी १९९२ला तिथं ७ वर्षांचं पोर उचललं, त्याच्या कानाचा तुकडा कापला. जानेवारीत नेलेलं ते जुलैत सुटलं. तुझं नाटक १९९१नंतरचं असेल, तर बापाला टोळीइतकंच सरकारलाही चुकवून पैसे उभे करावे लागतील. मग गावात कुणाच्या दारात जाईल तो? तो प्रवेश लिही आणि मला परत पाठव.